न पळालेल्या तीन फेऱ्या

माझं माहेर कृष्णाकाठचं, सांगलीपासनं तासाभरावर, आन् आमच्या गावात पोरगी पळाय लागली की ती खो-खोच्या मैदानात जाऊन पडायचीच, तिला कुणी पाठवाय लागायचं न्हाई. वडलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, आम्ही तिघी बहिणी, आन् तिघींत मी दांडगट. नाव सुरेखा ठेवलं, पण गाव मला वावटळ म्हणायचं. आता शाळेत सगळी सुरेखा मॅम म्हणतात, दिवसभर इंग्रजी, पोरींवर ओरडायचं हिंदीत, बसच्या ड्रायव्हरला अरबीत यल्ला म्हंजे चला आन् खलास म्हंजे झालं, आन् घरी आल्यावर मग तोंड मोकळं होतं. हे लिहून घ्यायला बसताना तुम्हीच म्हणालात ना, मॅडम, तुम्हाला येतं तसं बोला, म्हणून बोलते. मधनं अडवू नका, अडवलं तर मी गप बसेन, आन् मला हे एकदा सांगून टाकायचं हाय.

आमचे जाधव सर होते शाळेत खेळाला. गळ्यात दोरीला बांधलेलं चावीचं स्टॉपवॉच, उन्हानं काळेठिक्कर झालेले, हसायचं नाव न्हाई. दहावीच्या वर्षी जिल्ह्याच्या संघासाठी पळायची चाचणी होती, आन् मी कमी पडले, किती म्हणाल तर एक सेकंद. आदल्या दिवशी ताप आल्ता मला, सगळ्यांना ठाऊक होतं. आई पदर खोचून शाळेत गेली, म्हणाली सर, एक सेकंद म्हंजे काय हो, पापणी लवती तेवढा वेळ, लिवा की. सर म्हणाले वैनी, पोरगी मला माझ्या पोरीसारखी हाय, पण पळाली तेवढंच लिहिणार. न्हाई लिहिलं. मी आठ दिवस सरांशी बोलले न्हाई. पुढल्या साली पळून दाखवलं आन् संघात गेले, मग बी.पी.एड.ला नंबर लागला तवा सरांनी ते स्टॉपवॉच गळ्यातनं काढून माझ्या हातात दिलं, म्हणाले घे, आता तुला लागणार. तेच घेऊन मी ओमानला आले. हे ध्यानात ठेवा, म्हंजे पुढचं ऐकताना मला किती लाज वाटते ते तुम्हाला कळेल.

लग्न झालं तवा आमचे हे मस्कतात एका कंपनीत स्टोअर सांभाळत होते, अजून सांभाळतात. मस्कतच्या कडेला सीबला फ्लॅट घेतला भाड्यानं, तिसरा मजला, खालच्या मजल्यावर रत्नागिरीकडचं एक कुटुंब, त्यांचं सांगते पुढं. पहिलं वर्ष माझं गॅलरीत बसून रडण्यात गेलं, दुसऱ्या वर्षी एका इंडियन शाळेत पी.टी.ची बाई पाहिजे म्हणून कळलं आन् मी लागले. शाळेचं नाव लिहू नका. शाळा वाईट न्हाई, वाईट केलं ते मी केलं.

आता हे पळायचं प्रकरण काय ते सांगते. दर सत्राला प्रत्येक पोरीची उंची घ्यायची, वजन घ्यायचं, वाकून पायाचा अंगठा धरता येतो का बघायचं, आन् सहाशे मीटर पळाय किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचं. आमच्या मैदानाच्या तीन फेऱ्या म्हंजे सहाशे मीटर. हे सगळं कॉम्प्युटरवर भरायचं, मग ते निकालाबरोबर आईबापांच्या फोनवर जातं. चांगलीच गोष्ट हाय, कुणी नावं ठेवणार न्हाई. पण काय सांगू तुम्हाला, इथं एप्रिलात शाळा सुरू होते तवाच नळाचं पाणी हाताला चटका देतं, सुट्टीनंतर ऑगस्टात शाळा उघडते तवा तर मैदानाकडं बघवत न्हाई, आन् भरून द्यायची तारीख ऑक्टोबरात. पहिल्या वर्षी मी हट्टानं पळवलं, सप्टेंबरात, तर एका पोरीच्या नाकातनं रक्त आलं आन् प्रिन्सिपलसरांनी बोलावून सांगितलं की थंडी पडेपर्यंत पोरींना बाहेर काढायचं न्हाई. बरं, थंडी पडली की गणिताच्या मॅडम दारात येऊन गोड हसायच्या, मग कळायचं आजचा पी.टी.चा तास गेला, पोर्शन राहिलाय त्यांचा. मग मी विचारलं की मापं घ्यायची कधी. तर आमच्यात एक जुने सर होते, ते म्हणाले बहनजी, बच्ची को देखो और भर दो, सब यही करते हैं.

मग मी भरलं. पहिल्या वर्षी भरताना खोलीचं दार लावून घेतलं, खोटं न्हाई सांगत. दुसऱ्या वर्षी न्हाई लावलं. खेळाच्या खोलीत एसी लावायचा, चहाचा कप घ्यायचा, वर्गाची यादी उघडायची आन् एकेक पोरगी डोळ्यापुढं आणायची, ही बारीक हाय, लिहा दोन पन्नास, ही जाड हाय, लिहा साडेतीन मिनिटं. वर आन् मला त्याचा गर्व चढला, म्हणायची माझी नजर अशी हाय की घड्याळ लागत न्हाई. आन् खरी लबाडी तर पुढंच हाय. सगळ्यांना सुधारणा बघाय आवडते ना, म्हणून दर पुढल्या सत्रात मी प्रत्येकीचे आठ-दहा सेकंद कमी करायची. चारशेवर पोरी माझ्याकडं, आन् सगळ्याच्या सगळ्या दर सहा महिन्यांनी जास्त जोरात पळतायत, एक पाऊल न टाकता. एका वर्षी असेंब्लीत माझं कौतुक झालं, रेकॉर्ड सगळ्यात पूर्ण म्हणून प्रमाणपत्र दिलं मला. टाळ्या वाजवल्या पोरींनी. त्यांना ठाऊक होतं की, पळालो न्हाई ते त्यांना न्हाई ठाऊक तर कुणाला. पण पोरी टाळ्या वाजवतात हो, वाजवा म्हटलं की वाजवतात. जाधव सरांचं स्टॉपवॉच तवा ड्रॉवरमधे शिट्ट्यांच्या आन् स्किपिंगच्या दोऱ्यांच्या खाली पडलेलं होतं.

आता खालच्या मजल्यावरचं सांगते. शौकतभाई, सीबच्या जुन्या सूकमधे, बाजारात, कापडाच्या दुकानात असतात, पुरुषांच्या पायघोळ दिशदाशाचं आन् बायकांच्या अबायाचं कापड मोजून देणं, वीस वर्षं तेच. जुलेखाभाभी घरी. आन् त्यांची एकुलती एक नाझनीन, आमच्याच शाळेत, आठवीत. मला माहेर नसल्यासारखंच इथं, तर ते घर म्हंजे माझं माहेर झाल्तं. शौकतभाई मला ताई म्हणायचे, पहिल्या दिवसापासनं ताई. ईदला शिरखुर्म्याचं पातेलं वर यायचं, संक्रांतीला माझा तिळगूळ खाली जायचा, भाभी म्हणायच्या ताई, गूळ जरा कमी घाला की ओ, दात पडायचे आमचे. नाझनीन उंच, शिडशिडीत, चष्मा, तिचं मराठी असं अडखळत, मी आली, मी गेली, पण गोड बोलायची. वर्गात पी.टी.च्या तासाला कडेला पायरीवर पुस्तक घेऊन बसायची. मी म्हणायची बसू दे, अभ्यासू हाय. कधी विचारलं न्हाई की बाई तू का बसतेस.

मागल्या साली, नोव्हेंबर असेल, भाभी वर आल्या, नाझनीनला घेऊनच. म्हणाल्या ताई, तुम्ही खेळातल्या, तुम्हाला कळतं म्हणून विचारते, ही पोर जिना चढताना मधे थांबते. रमजानात दम लागला तवा मी म्हटलं रोज्यानं असेल, पण रोजे संपून किती महिने झाले, अजून थांबते. मी म्हणते डॉक्टरला दाखवू, तर हिचे अब्बा म्हणतात अगं शाळेचा निकाल बघ, दोन बावन्नात तीन फेऱ्या पळते ही, जिन्यात कसला दम लागतो, अभ्यासाचा कंटाळा हाय दुसरं काय. तर ताई, तुम्ही सांगा, मी काय करू.

मी माझ्या फोनवर शाळेचं रेकॉर्ड उघडलं. त्यात बघितलं, नाझनीन, सहाशे मीटर, दोन मिनिटं बावन्न, आन् गेल्या सत्रात तीन मिनिटं दोन. आन् ऐका आता, हे मी नवऱ्याला सुद्धा नीट सांगू शकले न्हाई. मी तो आकडा वाचला आन् मला तो खरा वाटला. क्षणभर मी विसरलेच की हे मीच लिहिलंय, चहा पीत, एसीत बसून. मला वाटलं अरे, पोरगी तर सुधारतेय. मी म्हणलं भाभी, काळजी करू नका, दहा सेकंद कमी झालेत तिचे, छातीचा त्रास असता तर वाढले असते. वाढीचं वय हाय, रक्त कमी असेल, शेंगदाणे-गूळ द्या, खजूर द्या, खजुराच्या देशात राहतो आपण. भाभींचा चेहरा असा सुटला, म्हणाल्या बघ नाझू, मॅडम काय म्हणाल्या. नाझनीन स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती, दोन जिने चढून आल्ती ना, ओठ जरा निळसर वाटले मला, पण मी म्हणलं ट्यूबलाइटचा उजेड असेल. ती माझ्याकडं बघत होती. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात ते हे, आन् मी तर चांगली शिकलेली बाई.

जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात स्पोर्ट्स डे. थंडी इथली छान असते, सकाळी स्वेटर लागतो. आठवीच्या रिलेमधे आमच्या रेड हाउसची एक पोरगी पाय मुरगळून बसली, चौथी पाहिजे आता, सगळ्या हाउसची पोरं ओरडतायत, मी टॅबलेटवर यादी उघडली की राहिलेल्यांत कोण बरी पळते, आन् नाझनीनचं नाव सगळ्यात वर. मी हाक मारली. ती आली, म्हणाली मॅम, मला नको, मला छातीत कसंतरी होते. मी म्हणलं नाटकं करू नकोस, दोन बावन्नची पोरगी तू, हे बघ इथं लिहिलंय. तिनं त्या टॅबलेटकडं बघितलं, मग माझ्याकडं, आन् दुसऱ्या पोरींना ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू म्हणाली, मॅम, मी कधी पळाली?

तिथं जमीन फाटून मला पोटात घ्यायला पाहिजे होतं. तिनं मला वाचवायसाठी हळू विचारलं हो, आन् मला राग आला. राग कशाचा, तर पकडले गेले म्हणून. मी मोठ्यांदा म्हणलं उलट बोलतेस, चल, यल्ला, बॅटन घे. तिनं चष्मा काढून मैत्रिणीकडं दिला आन् गेली. बॅटन हातात आलं, ती पळाली, पहिलं वळण घेतलं, आन् मग खाली बसली. पडली न्हाई, बसली, दमलेली बाई रस्त्याच्या कडेला बसते तशी. मी शिट्टी वाजवत पळत गेले, ऊठ ऊठ म्हणत, जवळ जाऊन बघते तर ओठ जांभळे, नखं जांभळी, तोंडातनं शब्द फुटेना. तवा कुठं माझी शिट्टी तोंडातनं गळाली.

गाडीनं दवाखान्यात, तिथनं मोठ्या दवाखान्यात. शौकतभाई दुकानातनं तसेच आले, गळ्यात कापडाचा टेप लोंबत होता. जन्मापासनं पोरीच्या हृदयाला भोक, आन् एवढी वर्षं कुणाला कळलं न्हाई. डॉक्टरीणबाई हिंदी बोलणाऱ्या होत्या, त्या म्हणाल्या भोक आम्ही बुजवू, पण हिच्या फुप्फुसावर लई दाब दिसतोय, तो किती जुना हाय ते कळलं पाहिजे, त्यावर पुढचं ठरतं. पोरगी शाळेत पळते का? शौकतभाईंनी लगेच फोन काढला, म्हणाले हे बघा ना मॅडम, तीन महिन्यांपूर्वी सहाशे मीटर, दोन बावन्न, आन् त्याच्या आधी तीन दोन. डॉक्टरीणबाईंनी दोनदा वाचलं. विचारलं हे कुणी मोजलं? शौकतभाईंनी माझ्याकडं हात केला, अभिमानानं हो, म्हणाले ह्या आमच्या ताई, ह्यांनीच. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या नक्की? माझं तोंड उघडायच्या आधी पलंगावरनं नाझनीन म्हणाली, यस डॉक्टर, आय रॅन. मधे मधे थांबली मी, पण पळाली.

आन् मी गप बसले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या मग हा दाब अचानक वाढलाय, तीन महिन्यांत, म्हंजे फुप्फुसात रक्ताची गाठ गेली असेल, आधी ती शोधू. मग दोन दिवस गाठ शोधणं चाललं. इंजेक्शनं, रक्त काढणं, रंग घालून स्कॅन. नसलेली गाठ. माझ्या एका आकड्यापायी त्या लेकराच्या हाताला सुया टोचत होते. घरी मी ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले गप बस, कुणाला कळणार हाय, नोकरी घालवशील, आन् पोरगी स्वतः पळाले म्हणते तर तू कशाला मधे पडतेस. मला ते पटलं, खरं सांगते. पटलं म्हणून तर दोन दिवस गेले. मी डबे करून नेत होते, मऊ भात, मुगाची आमटी, भाभी म्हणायच्या ताई, तुम्ही नसता तर आमचं कसं झालं असतं. ते ऐकायचं आन् रिकामा डबा घेऊन परत यायचं.

तिसऱ्या दिवशी गेले तर भाभी नमाजाला गेल्त्या, नाझनीन एकटी. मी भात भरवाय बसले. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत काळेनिळे डाग. मी त्या डागांकडं बघतेय हे तिनं बघितलं, आन् चादरीत हात लपवले. मग म्हणाली मॅम, मी नाही सांगितलं कोणाला. तुम्ही घाबरू नका. तेरा वर्षांची पोरगी मला म्हणाली घाबरू नका. मी तो चमचा तसाच भातात ठेवला आन् बाहेर आले.

बाहेर बाकड्यावर शौकतभाई बसले होते. भाभी येईपर्यंत थांबले, मग दोघांपुढं सांगितलं. शौकतभाई, ती कधी पळालीच न्हाई. एक फेरी सुद्धा न्हाई. तो आकडा मी खोलीत बसून लिहिला, तीन दोन पण मीच, दोन बावन्न पण मीच, सगळ्यांचंच तसं लिहिते मी. आन् तुमच्या घरी खजूर द्या म्हणाले ते पण त्याच आकड्यावर. भाभींना आधी कळलंच न्हाई, म्हणाल्या म्हंजे? शौकतभाईंना कळलं. मला वाटलं ओरडतील, मला पाहिजे होतं ते ओरडाय. ते गळ्यातला टेप काढून बोटाभोवती गुंडाळाय लागले, गुंडाळतायत, सोडतायत, गुंडाळतायत. मग म्हणाले, मॅडम, आम्ही दुकानात कापड मोजून देतो.

एवढंच. ताई न्हाई म्हणाले, मॅडम म्हणाले. लोक मला आयुष्यात लई बोललेत, सासू बोललीय, पण असं कुणी बोललं न्हाई. मग म्हणाले चला, डॉक्टरांना सांगा. मी त्यांच्या मागनं गेले आन् डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, मोडक्या हिंदीत, रडत. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या म्हंजे दाब जुना हाय, कदाचित दोन-तीन वर्षांचा. एक वर्ष आधी आणलं असतं तर पायातनं नळी घालून काम झालं असतं, आता छाती उघडावी लागेल. गाठ शोधणं त्याच दिवशी थांबलं. मुंबईला ऑपरेशन झालं, फेब्रुवारीत.

शाळेत मी स्वतः गेले प्रिन्सिपलसरांकडं, कागद लिहून नेला होता, काय केलं, किती वर्षं केलं. त्यांनी वाचला, दार लावलं, आन् म्हणाले सुरेखा मॅडम, हे सगळ्या शाळांत होतं, असं लेखी देऊ नका, तुमचं चांगलं नाव हाय. कागद घडी घालून माझ्याच हातात परत दिला. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे काय आपल्या मराठी लोकांनाच कळतं असं न्हाई. मी दुसऱ्या दिवशी तोच कागद ऑफिसात देऊन आवक नंबर घालून घेतला. त्यावर काही झालं न्हाई. मला काढलं पण न्हाई. काढलं असतं तर बरं वाटलं असतं, शिक्षा भोगली म्हणून मिरवता तरी आलं असतं.

आता कसं चाललंय म्हणाल, तर थंडी लागली की मी असेंब्लीच्या आधी पाऊण तास येते, रोज सहा पोरी, खऱ्या घड्याळावर. सरांचं स्टॉपवॉच चावी दिली तर चालू झालं, मला वाटलं होतं गंजलं असेल. सगळ्या पोरी होत न्हाईत, निम्म्या कोऱ्या राहतात. कोरं ते कोरं पाठवते. ऑफिसातनं दर सत्राला फोन येतो, मॅडम, तुमचं रेकॉर्ड अपूर्ण हाय. मी म्हणते हाय. पोरींचे आईबाप विचारतात की मागल्या वर्षी दोन पंचावन्न होतं, आता साडेचार कसं, पोरगी आजारी हाय का. त्या प्रत्येकाला मी सांगते की मागलं खोटं होतं. रोज सकाळी एकाला तरी सांगावं लागतं, आन् रोज माझे कान तापतात, सवय होत न्हाई त्याची.

जाधव सरांना दर गुरुपौर्णिमेला फोन असायचा माझा. यंदा केला न्हाई. त्यांनीच केला, काय गं वावटळ, विसरलीस का, म्हणाले. मी म्हणलं सर, कामात होते. म्हंजे परत खोटं. तुम्ही हे छापणार असाल तर पोरीचं नाव बदला, तिच्या घरच्यांची बदला, माझं तेवढं राहू द्या. सर छापून आलेलं सगळं वाचतात, अक्षर न् अक्षर वाचतात. मला तोंडानं सांगता आलं न्हाई, वाचू द्या.

यंदा दोन्ही ईद झाल्या, पातेलं वर आलं न्हाई. मी संक्रांतीचा तिळगूळ करून ठेवला तो आम्ही दोघांनीच संपवला. जिन्यात शौकतभाई भेटतात, सलाम मॅडम म्हणतात, बाजूला होऊन वाट देतात. भाभी हसतात, पण दार लोटून घेतात. त्यांचं बरोबर हाय. मी त्यांच्या जागी असते तर हसले पण नसते.

नाझनीन ऑगस्टात शाळेत आली, गळ्यापाशी व्रण दिसतो, स्कार्फ बांधते. पी.टी.ला माफी हाय तिला. पण ती सकाळी लवकर येते, तिनं स्वतःच विचारलं, मॅम, घड्याळ मी धरू? आता ती पायरीवर बसून वेळ मोजते, मी लिहून घेते. सेकंद असं तोडून सांगते की पोरी चिडतात, ए नाझू, राउंड कर ना यार. ती करत न्हाई. परवा सगळ्या पोरी गेल्यावर म्हणाली मॅम, माझं पण घ्या. मी म्हणलं बाळा, तुला पळायचं न्हाई. म्हणाली पळत नाही, चालते, डॉक्टरनं चालायला सांगितलंय. घड्याळ माझ्या हातात दिलं आन् निघाली. तीन फेऱ्या. दुसऱ्या फेरीला थांबली, गुडघ्यावर हात ठेवले, मी पाय उचलला तर लांबनंच हात करून म्हणाली, येऊ नका. मी होते तिथंच उभी राहिले. मग परत चालाय लागली, हळू, आली रेषेपर्यंत.

मी यादी उघडली. नाझनीनच्या नावापुढं, सहाशे मीटर, खाली कंसात चालत, आन् लिहिलं नऊ मिनिटं चाळीस. ती माझ्या खांद्यावरनं बघत होती, दम लागलेला, तरी माझ्या हातातलं घड्याळ तिनं उलटं करून बघितलं, आन् म्हणाली मॅम, एक्केचाळीस हाय.

मी खोडलं आन् एक्केचाळीस लिहिलं. ती दप्तर घेऊन वर्गात गेली. देव तिला उदंड आयुष्य देवो, तिच्या अब्बांच्या डोळ्यांदेखत तिनं सगळे जिने न थांबता चढावेत. मला ताई म्हणाय कुणी येवो न येवो. उद्या सकाळी सहा पोरी हायत, त्यांचं बघायचंय.